थांबण्याजोगी जागा

टिपणं काढण्यात आपला हात धरणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडणार नाही, असं त्र्यंबकराव फणसे यांचं ठाम मत होतं. आणि हे मत कुणी विचारण्याची वाट न पाहता ते सांगतही असत!

"अहो, दोन तासांचं कीर्तन मी चार ओळींत घरी घेऊन येतो," ते म्हणायचे. "चार ओळींत! आणि घरी आलो की त्याचं परत दोन तासांचं कीर्तन करून दाखवतो. दुधाच्या पावडरीसारखं! पाणी घातलं की झालं दूध!"

मंडळी, यात बढाई होती, पण खोटं नव्हतं. डोंबिवली पूर्वेला बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्र्यंबकराव आणि उत्तराबाई राहत. एके काळी दोघं जोडीनं रामाच्या देवळात कीर्तनाला जात. बुवांच्या पायाशी, पहिल्या रांगेत बसत. मग उत्तराबाईंचे गुडघे संपावर गेले. जिना उतरणं म्हणजे गड उतरणं झालं. तेव्हापासून त्र्यंबकराव एकटेच जात, खिशात एक चिठोरी आणि पेन्सिलीचा तुकडा घेऊन. पूर्वरंगातल्या निरूपणाला दोन ओळी. बुवांच्या गळ्यात हार पडून कपाळाला बुक्का लागेपर्यंत पेन्सिलीला टोक. उत्तररंगातल्या कथेला आणखी दोन ओळी. घरी आले की पाय धुवायचे, उत्तराबाईंच्या खाटेसमोर उभं राहायचं आणि खांद्यावरचा टॉवेल उपरण्यासारखा सारखा करून सुरू! उत्तराबाई खाटेवर बसून टाळ्यांनी ठेका धरायच्या. अशी त्यांची नेहमीची सभा. बुवा एक, श्रोता एक.

या टिपणांना एकच नियम होता, आणि तो त्र्यंबकरावांच्या आईनं घालून दिलेला होता. पोथी वाचताना वाईट जागी थांबायचं नाही! युद्ध चालू असताना पोथी मिटली तर घरात भांड्याला भांडं लागतं. कुणी संकटात असताना मिटली तर ते संकट आपल्या उंबऱ्यावर येऊन बसतं. दूध उतू जाऊ दे, पाहुणा दारात तिष्ठू दे, पण थांबायचं ते शुभ जागी!

एकदा तर काय झालं, बुवांचा घसा ऐन रंगात बसला. राजा स्मशानात उभा, राणी समोर रडतेय, आणि बुवांच्या तोंडून नुसती हवा! विश्वस्तांनी घाईघाईनं आरती उरकली, मंडळी घरी गेली. पण त्र्यंबकरावांना घरी जाता येईना. उत्तराला काय सांगायचं? राजाला स्मशानात टाकून आलो म्हणून? पहिला मजला चढले, राजा स्मशानातच. दुसरा चढले, तरी तिथेच. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्र्यंबकरावांनी स्वतःच्या जबाबदारीवर त्याला सिंहासनावर बसवलं, राणीच्या डोक्यावर छत्र धरलं आणि मगच बेल वाजवली.

तर अशा माणसाला एक्याण्णव साली कंपनीनं सभेचं टिपण घ्यायला बसवलं.

कंपनी मानपाड्याची, रंगाचे पत्र्याचे डबे बनवणारी. त्र्यंबकराव तिथे टपाल आणि आवक-जावक बघत. नवे मॅनेजर आले होते सुधीर लिमये. वय तिशीचं, टाय गळ्यात, आणि भिंतीवर चित्रं पाडणारं एक यंत्र बगलेत. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक मीटिंगचे मिनिट्स लिहिले जातील.

"कोण लिहील?" त्यांनी विचारलं.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. त्र्यंबकराव तेवढे उभे राहिले.

"साहेब, मी! कुठलंही बोलणं माझ्यापुढे सोडा, मी त्याचा अर्क काढून देतो!"

"अर्क नको, फणसे. जे बोललं गेलं ते."

"एक शब्द खोटा आढळला तर कान कापा!"

त्याच दुपारी कँटीनच्या शेडमध्ये बायजानं त्यांच्यापुढे चहाचा ग्लास ठेवला, पण हात ग्लासावरून काढला नाही. बायजा मोठागावच्या खाडीकाठची कोळीण. नवरा गेल्यावर भाऊसाहेबांनी तिला ही शेड दिली होती. भाऊसाहेब दुर्वे म्हणजे कंपनीचे मालक. ते ठाण्याला नौपाड्यातल्या ऑफिसात बसत. तेव्हापासून अख्खी कंपनी बायजाच्या चुलीवर जगत होती, आणि बायजाही.

"फनसेदादा, चहाचा मशीन येतंय म्हनं. बटन दाबला का चहा. खरा का?"

"तसं कानावर आहे खरं."

"मंग मी कुठं जाव? ह्या वयात परत डोक्यावर पाटी घेऊन म्हावरा इकाला बसू?"

"बुधवारी मीटिंग आहे ना. मी स्वतः आहे तिथे!"

"तुमी बोलनार?"

"छे! मला बोलता येत नाही. मी लिहिणार."

बायजानं कपाळावर हात मारला. "म्हंजे मी मेले!"

बुधवारी सभा भरली. लिमयेसाहेबांनी भिंतीवर आलेख पाडला. चहाच्या सुट्टीत कामगार कसे रेंगाळतात, शेडमध्ये गप्पा कशा झडतात, आणि मशीन आलं तर माणूस उभ्या उभ्या चहा पिऊन कसा ताबडतोब कामाला लागेल! त्र्यंबकराव डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. मधेच लिमयेसाहेब चढ्या आवाजात म्हणाले, "तेव्हा कँटीन बंद!" आणि सवयीनं त्र्यंबकरावांच्या तोंडून निघून गेलं, "हरि हरि!"

"काय म्हणालात?"

"काही नाही साहेब. पूर्वरंग छान झाला."

एवढ्यात बायजाचा चहा आला, सोबत कांदाभजी. साहेबांनी एक भजं तोंडात टाकलं. मग दुसरं. मग थाळीच जवळ ओढली आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "वा! अशी भजी मिळत असतील तर कुणी ही कंपनी सोडून जाईल कशाला? हे चालूच राहिलं पाहिजे!" त्र्यंबकरावांनी टिपून घेतलं. मग अकाउंट्सवाल्यांनी घसा खाकरला, साहेबांना आलेख आठवला, त्यांनी रुमालानं बोटं पुसली आणि पुन्हा मशीनवर आले. शेवटी ठरलं, की कँटीन बंद करणं तत्त्वतः मान्य, भाऊसाहेबांची मंजुरी आली की अंमल. इतक्यात जेवणाचा भोंगा झाला आणि सगळे उठून गेले. जेवायला, बायजाकडेच!

त्र्यंबकराव एकटेच बसून राहिले. असं कसं? हार नाही, बुक्का नाही, उत्तररंग नाही? भक्त उकळत्या कढईत, आणि श्रोते उठून चालले? ते जेवण होईपर्यंत थांबले. कुणी परत आलं नाही. देव तर नाहीच नाही.

मिनिट्स लिहायला बसल्यावर त्यांची पेन्सिल शेवटच्या ओळीपाशी अडली. 'कँटीन बंद करण्याचे ठरले. सभा संपली.' इथे थांबायचं? आईनं उलथनं फेकून मारलं असतं! त्यांनी टिपण वर वाचलं, खाली वाचलं. खोटं तर लिहायचं नाही, कान कापून द्यायचं कबूल केलेलं. पण पुढचं-मागचं करायला काय हरकत आहे? बुवा नाही का कथा शेवटाकडून सुरू करत? त्यांनी बंद करण्याचा ठराव उचलून मधे ठेवला आणि भजी उचलून शेवटी. 'सभेत श्रीमती बायजाबाई यांच्या चहा-भज्यांचा आस्वाद घेण्यात आला. श्री. लिमये यांनी, अशी भजी मिळत असतील तर कुणी ही कंपनी सोडून जाईल कशाला, हे चालूच राहिले पाहिजे, असे उद्गार काढले.' आणि पुढे छोटंसं 'शुभं भवतु.'

टाइप करायला कागद चित्राकडे गेला. चित्रा ऑफिसची टायपिस्ट, सभेलाही हजर असलेली, आणि त्र्यंबकरावांच्याच इमारतीतली, तळमजल्यावरच्या शालनवहिनींची मुलगी.

"काका, भजी तर मधे आली होती ना?"

"आली मधे, पण चव शेवटपर्यंत राहिली की नाही?"

"आणि हे शुभं भवतु?"

"ते राहू दे गं. लग्नपत्रिकेवर असतं तसं."

चित्रानं ओठ दाबून टाइप केलं. लिमयेसाहेब वसईला जायच्या गडबडीत होते. त्यांनी न वाचता सही ठोकली आणि लखोटा नौपाड्याला गेला.

आता भाऊसाहेबांची एक सवय सांगायला हवी. ते वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत, आणि ऑफिसचा कागद शेवटच्या परिच्छेदापासून. तो बरा निघाला तर वर जायची त्यांना गरज वाटत नसे! त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि लाल शाईनं लिहिलं, 'मंजूर. लिमये, शाबास! तुमच्याविषयी माझा गैरसमज झाला होता. शुक्रवारी स्वतः येतो.'

बातमी साहेबांच्या आधी मानपाड्यात पोचली. गुरुवारी लिमयेसाहेब गेटमधून आत आले तर समोर ताशा! पॅकिंगच्या बायकांनी त्यांना ओवाळलं. कुणीतरी डोक्याला फेटा गुंडाळला, तो एका डोळ्यावर उतरला. फोरमन गोमाजीनं हार घातला आणि ओरडला, "कँटीन कुणी राखलं?"

"लिमयेसाहेबांनी!"

"अरे पण मी..." साहेब म्हणाले. ताशानं ते वाक्य गिळलं.

त्र्यंबकराव मागे उभे राहून हे बघत होते. हार आला, ओवाळणी झाली. उत्तररंग एक दिवस उशिरा का होईना, पण आला! त्यांचे डोळे भरून आले. मग फेट्याखालचा साहेबांचा उघडा डोळा त्यांच्यावर रोखला गेला आणि भरून आलेले डोळे झटकन कोरडे झाले.

"फणसे! उद्या भाऊसाहेबांसमोर मिनिट्स वाचून कायम करायचे आहेत. तिथे मी हरकत घेणार! एक कॉपी घेऊन हजर राहा. आणि कानांना तेल लावून या, म्हणजे कापताना त्रास होणार नाही!"

त्या संध्याकाळी त्र्यंबकराव कीर्तनाला गेले नाहीत. उत्तराबाईंनी विचारलं तर म्हणाले, "बुवा परगावी गेलेत." शब्द कळत नव्हते, पण खालून देवळाच्या लाउडस्पीकरवरून बुवांचा ओळखीचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. उत्तराबाईंनी नवऱ्यापुढे ताकाचा पेला ठेवला.

शुक्रवारी सकाळी बायजा मोठी वेताची टोपली घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब भाऊसाहेबांना आणायला गेटवर गेलेले. तिनं टोपली टेबलाखाली सावलीत ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि चुलीवर डाळ होती म्हणून धावत परत गेली.

मीटिंग त्याच केबिनमध्ये. भाऊसाहेब पांढऱ्या धोतरात, काठी टेकत येऊन बसले. त्र्यंबकरावांनी मिनिट्स वाचायला सुरुवात केली. कँटीन बंद करण्याच्या ठरावाशी आले तेव्हा भाऊसाहेबांच्या भुवया वर गेल्या. हे त्यांनी वाचलेलंच नव्हतं!

"हे काय हो, लिमये?"

"तेच सांगतो, भाऊसाहेब! माझी हरकत आहे! या माणसानं..." लिमयेसाहेब टेबलावर हात आपटून उभे राहिले आणि त्यांच्या पायाचा धक्का कशाला तरी लागला.

टेबलाखालून खर्र खर्र आवाज आला. मग एक नांगी बाहेर आली. मग दुसरी. मग खेकडेच खेकडे! भल्या थोरल्या, हिरव्या-काळ्या, खाडीच्या चिंबोऱ्या गालिच्यावरून चारी दिशांना निघाल्या, भोंगा झाल्यावर कामगार निघतात तशा!

"आई गं!" लिमयेसाहेब एका उडीत खुर्चीवर. सदाशिव पेठेतला माणूस, अंडंसुद्धा लांबून बघितलेलं! अकाउंट्सवाले फायलींच्या कपाटावर. चित्रा टेबलावर पाय घेऊन बसली आणि हसू आवरेना म्हणून तोंडात पदर कोंबला. भाऊसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या कायस्थी जिभेला पाणी सुटलं होतं.

"अहाहा! काय भरलेल्या आहेत हो! लिमये, या तुमच्या?"

"माझ्या? माझ्या कशाला असतील!"

"बरं, हरकत सांगा."

"हरकत अशी," साहेब खुर्चीवरूनच बोलू लागले, एकदा हा पाय वर, एकदा तो, "की हे भज्यांचं वाक्य शेवटी नव्हतं! मधे होतं!"

"पण तुम्ही म्हणालात की नाही?"

"म्हणालो, पण ते भजी खाताना!"

"लिमये," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "भजी खाताना माणूस खोटं बोलत नाही. खोटं तो आलेख दाखवताना बोलतो. तरी कँटीन तुमच्या ताब्यात आहे, मी लादणार नाही. तुमचं खरं मत काय ते आत्ता सांगा. बंद की चालू?"

केबिनमध्ये फक्त नांग्यांचा आवाज होता. त्र्यंबकरावांनी पेन्सिल कागदावर टेकवली. साहेबांनी तोंड उघडलं, 'बं'पर्यंत ओठ आलेही, आणि दार ढकलून बायजा आत आली.

"आयो! सुटल्या कं?" तिनं कासोटा घट्ट केला आणि एकेक चिंबोरी मागून धरून टोपलीत टाकू लागली. साहेबांच्या खुर्चीखालची शेवटची चिंबोरी हातात धरून ती उभी राहिली.

"सायेब, भ्याव नका. ह्या तुमचे घरच्यासाठी आनल्या व्हत्या. मना ठावं नव्हता तुमी खात नाय, आता गोमाजीनी सांगतला. उद्या नारलीभात आनीन." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी माजी चूल राखलीव सायेब. परवाचे दिशी मी पाटी धुवून ठेवली व्हती, बाजारात बसाची. काल ती परत माल्यावर टाकली."

साहेब खुर्चीवर उभे. समोर बायजा, चिंबोरी हातात, डोळ्यांत पाणी, आणि साहेबांवरचा तो भाबडा विश्वास! कुणी आपल्याकडे असं बघावं अशी सवय लिमयेसाहेबांना नसावी. त्यांनी टाय सैल केला. भिंतीकडे बघितलं, आज तिथे आलेख नव्हता.

"काय लिहू साहेब?" त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

"लिहा," लिमयेसाहेब म्हणाले, "हरकत नाही. चालू." मग म्हणाले, "आणि बाई, आधी ती चिंबोरी टोपलीत टाका, म्हणजे मला खाली उतरता येईल!"

भाऊसाहेबांनी काठी आपटली. ती त्यांची टाळी होती. त्र्यंबकरावांनी लिहिलं, 'श्री. लिमये यांनी उच्च स्थानावरून सर्वांना मार्गदर्शन केले.'

टोपली अर्थातच नौपाड्याला गेली.

सगळे पांगल्यावर साहेबांनी त्र्यंबकरावांना थांबवलं. "फणसे, कान राहू द्या. पण मिनिट्स सोमवारपासून चित्राबाई लिहितील."

"साहेब, एक शब्द खोटा..."

"नव्हता. म्हणून तर भीती वाटते! तुम्हाला लिहायची हौस आहे ना? कँटीनबाहेर फळा लावतोय. रोज काय शिजलंय ते लिहा. तिथे तरी पुढचं-मागचं करता येणार नाही."

संध्याकाळी त्र्यंबकरावांनी पाय धुतले, टॉवेल खांद्यावर सारखा केला आणि उत्तराबाईंपुढे उभे राहिले. सगळं आख्यान झालं. ताशा झाला, चिंबोऱ्या झाल्या, साहेबांचा एक पाय वर करून दाखवून झाला. उत्तराबाई हसून हसून खाटेवर आडव्या झाल्या.

"...आणि साहेब म्हणाले, हरकत नाही! चालू! बोला..."

"आणि पुढे?"

"पुढे काय? आरती!"

"आणि फळा?"

त्र्यंबकरावांचा टॉवेल खांद्यावरून घसरला. "तुला कुणी सांगितलं?"

"चित्रानं शालनला सांगितलं, शालननं मला." उत्तराबाईंनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. "शालन तुमच्या मागच्याच रांगेत असते हो कीर्तनाला. सकाळी भाजी निवडायला वर येते, तेव्हा सगळं सांगते. बुवांचा घसा बसला, राजा स्मशानातच राहिला, तेही."

"म्हणजे तुला हे सगळं..."

"माहीत होतं."

"मग इतकी वर्षं ऐकून कशाला घेतेस?"

"बुवांचं कीर्तन मला शालनकडून कळतं," उत्तराबाई म्हणाल्या. "पण शालनचा राजा रोज स्मशानातच राहतो. तुम्ही त्याला माझ्यासाठी तीन जिने चढवून घरी आणता."

त्र्यंबकराव बराच वेळ टॉवेलची घडी करत राहिले. ती घडी काही केल्या नीट बसत नव्हती. उत्तराबाईंनीच मग विषय बदलला.

"सोमवारी काय आहे कँटीनला?"

"कारल्याची भाजी."

"लिहून ठेवलंत?"

त्यांनी खिशातली चिठोरी काढून दिली. उत्तराबाईंनी दिव्याखाली धरून वाचली. पोळी, कारल्याची भाजी, आमटी, भात. आणि सगळ्यांत खाली, ठसठशीत अक्षरात, शिरा.

"अगंबाई! बायजाबाई शिरा करणार आहेत?"

"करायलाच हवा," त्र्यंबकराव मान खाली घालून पुटपुटले. "फक्त तिला अजून माहीत नाही."